उतरायचं नंतर बघू

आबारावांच्या घराला तीन उंबरे होते आणि तिन्ही उंबऱ्यांशी त्यांचं वैर होतं. अंगणातून ओसरीत यायचं, ओसरीतून स्वयंपाकघरात जायचं, मागच्या दारानं न्हाणीकडं निघायचं. कुठंही उंबरा आला की पाय जागच्या जागी थिजायचे. वरचा माणूस पुढं निघालेला आणि खालचे पाय मागंच, अशी गत. चार वर्षांपूर्वी डाव्या हाताचा अंगठा आपोआप बोटावर फिरायला लागला, तेव्हा गल्लीला वाटलं होतं, म्हातारा उशिरा का होईना पण नामस्मरणाला लागला. पुढं जालन्याच्या डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन म्हटलं आणि गल्लीनं कंपवात म्हटलं. आसराबाई, म्हणजे आबारावांची बायको, नावच घेत नसत. "आलंय का ते आज?" एवढंच विचारत, नकोशा पाहुण्याबद्दल विचारावं तसं.

सेवेत मात्र बाईंनी कसूर ठेवली नव्हती. दिवसातून चार वेळा गोळ्या, त्याही घड्याळ बघून. चहाचा कप अर्धाच भरायचा, म्हणजे सांडायला नको. कामाला हात लावू द्यायचा नाही, म्हणजे दमायला नको. बसा निवांत, असं दिवसातून वीस वेळा म्हणायचं. आबाराव बसत, आणि निवांत बसलं की हात जास्तच हलायचा, कारण या आजाराला रिकामा हात फार आवडतो. चेहराही हळूहळू गप्प झाला होता. आतून हसू निघालं तरी ओठांपर्यंत पोचायचं नाही, त्यामुळं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, आबाराव रागात आहेत. ते रागात नव्हते. निदान रोज तरी नव्हते.

एका गोष्टीचा राग मात्र खरा होता. अंगणातल्या कडब्याच्या खोलीला कुलूप होतं, आणि आत त्यांची सायकल होती.

ही सायकल काय चीज होती, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. आबारावांचं घराणं मेंढरं राखणारं. ते चौदा वर्षांचे असताना गावात, म्हणजे आष्टीत, सात दिवस सायकल चालवणारा एक माणूस आला. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती मोबाइलमधून मानही वर काढत नाहीत, पण त्या काळी असे लोक गावोगाव फिरायचे. मैदानात मधोमध खांब, खांबाला दिवे, वर कर्णा, आणि चकचकीत शर्टातला एक बाप्या सात दिवस, सात रात्री गोल गोल सायकल चालवतोय. जमिनीला पाय लावायचा नाही. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, आंघोळसुद्धा सायकलवर, आणि बाया तोंडाला पदर लावून ती आंघोळ बघतायत. आबा मेंढरं रानात सोडून सात दिवस तिथंच उभा. आठव्या दिवशी घरी गेला तेव्हा तीन मेंढ्या कमी भरल्या होत्या, आणि त्या तिन्ही मेंढ्यांचा जाब बापानं एकाच काठीनं विचारला. पण पोराच्या डोक्यात चाक शिरलं ते शिरलंच.

त्याला स्वतःची सायकल मिळाली ती लग्नात. सासऱ्यानं सायकल दिली आणि वर पोरगीपण दिली, असं आबाराव पुढं चारचौघांत सांगायचे, आणि आसराबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. मग परतूर तालुक्यानं एक नवल पाहिलं. धनगराचं पोर सायकलवरून मेंढरं वळत होतं. कळपाला गोल फेरी मारायची, दोन्ही हात सोडून पटका बांधायचा, चालत्या सायकलवरून वाकून भुईवरचा रुमाल उचलायचा. मेंढरं विकली, शेती धरली, एकुलता एक मुलगा आदिनाथ जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये लागला, तरी आबारावांचं सायकलवेड काही कमी झालं नाही. साठी उलटल्यावरही गावच्या जत्रेत ते एकदा तरी उलटं बसून सायकल चालवून दाखवायचेच.

दोन वर्षांपूर्वी सायकल ओसरीतून बाहेर काढताना उंबऱ्यातच पाय थिजले आणि ते सायकलीसकट अंगणात आले. कपाळाला चार टाके पडले. आता नीट ऐका, ते सायकलवरून पडले नव्हते, सायकल हातात धरून चालताना पडले होते. पण एवढा बारीक फरक रक्त बघितल्यावर कोण ऐकतो? ज्याला धड चालता येत नाही तो सायकल काय चालवणार, असं आसराबाई म्हणाल्या, आदिनाथ म्हणाला, सगळी गल्ली म्हणाली. ते म्हणणं इतकं सरळ होतं की खुद्द आबारावांनाही पटलं. कुलूप लागलं आणि किल्ली आसराबाईंच्या कमरेला गेली.

पण रोज जेवण झालं की आबाराव आपली खुर्ची त्या बंद दारासमोर लावून घ्यायचे. दाराच्या फटीतून मागच्या चाकाच्या चार तारा दिसायच्या. तेवढ्यावर त्यांची दुपार जायची. हे बघून बघून आसराबाईंचा जीव आंबला, आणि होळी झाल्यावर एके सकाळी त्यांनी सांगूनच टाकलं.

"भंगारवाल्याला बोलावलंय म्या आज. अकराला येणार हाय तो."

"कशाला?"

"सायकलीला. त्या दारासमोर बसून झुरून राह्यले तुम्ही. वस्तूच न्हाई राह्यली तर जीव ठिकाणावर येईल. आदिनाथला इचारलं म्या, त्यो बी हो म्हणला."

तो हो म्हणणारच. त्याच्या मिलमध्ये रोज ट्रकांनी भंगार येतं आणि लालबुंद सळया होऊन बाहेर पडतं. बापाची सायकल उद्या कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसली असती आणि पोरगं तिच्यावरून चालत गेलं असतं. सायकल चालवता येत नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, पण सायकलच नसणार, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

पूर्वी खोटं बोलताना आबारावांचे कान लाल व्हायचे आणि ते लगेच पकडले जायचे. आता चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. आजाराचा एवढा एक फायदा होता, तो त्यांनी त्या सकाळी करून घेतला.

"राजानंदला एकदा दाखवू," ते हलक्या आवाजात म्हणाले. आवाजही हल्ली हलकाच झाला होता. "चेन, पायडल, काही लागत असंल त्याला. भंगारात जाण्यापरीस कुणाच्या कामी तरी येईल."

राजानंद म्हणजे बाजाराच्या मैदानाकडंचा सायकल दुरुस्तीवाला, आबारावांचा लहानपणापासूनचा दोस्त. बाईंना यात काही वावगं दिसलं नाही. शिवाय त्या दिवशी त्यांच्याकडं शेवया होत्या, शेजारच्या द्वारकाबाई आणि आणखी चारजणी पाट मांडून बसल्या होत्या, आणि पिठात हात असताना बाई माणूस फार चौकशा करत नाही. त्यांनी राजानंदला फोन लावला, किल्ली काढून दिली आणि बजावलं, "ह्येंला हळू ने. अन् अकराच्या गोळीला घरी आण."

घर ते दुकान जेमतेम दोनशे पावलं. त्याला वीस मिनिटं लागली. राजानंद सायकल ढकलत पुढं, आबाराव कॅरिअर धरून मागं. वाटेत नाली आली तशी पावलं थिजली. राजानंदला ही खोड माहीत होती. त्यानं आपला पाय आबारावांच्या पायापुढं आडवा धरला आणि म्हणाला, "वलांड." आडवं काही दिसलं की ते ओलांडायला पाय बरोबर उठतो, हे एक अजबच. आबारावांनी दोस्ताचा पाय ओलांडला आणि नालीही ओलांडली.

दुकानात राजानंदनं आधी हवा भरली. ट्यूब दोन ठिकाणी फुसफुसली, तिथं ठिगळं लावली. चेनला तेल सोडलं. चाक उचलून फिरवलं तर ते कितीतरी वेळ फिरतच राहिलं.

"हिला तोडायचं?" राजानंद म्हणाला. "माझा तर हात होऊन न्हाई राह्यला."

"तोडू नको. मला बसव हिच्यावर."

राजानंदनं पान्हा खाली ठेवला. "डोकं फिरलं का तुझं? वहिनी माझं दुकान पेटवून देईल."

"समोर मैदान मोकळं हाय. आज बाजार बी न्हाई. तू धर फक्त."

"तुला चालता येईना, आबा."

"चालायचं कोण म्हणून राह्यलं?" आबाराव म्हणाले. "अकराला ती जाणार. एकदा बसू दे. पडलो तर पडलो."

राजानंदनं मित्राच्या तोंडाकडं पाहिलं. तोंडावर काहीच नव्हतं, पण डोळे भरून आले होते. तो उठला.

मैदानात सायकल उभी करून आबारावांचा पाय दांडीवरून पलीकडं टाकणं, हेच मोठं काम होतं. तीनदा पाय अर्ध्यावरून परत आला. चौथ्यांदा राजानंदनं तो धरून पोत्यासारखा पलीकडं ढकलला. आबाराव सीटवर बसले. उजवा पाय पायडलवर, डावा हात हँडलवर फडफडतोय, आणि मागून राजानंद कॅरिअर धरून देवाचं नाव घेतोय.

"ढकल," आबाराव म्हणाले.

राजानंदनं ढकललं. पायडल खाली गेलं, दुसरं वर आलं, तेही खाली गेलं. पाय फिरले. एकामागून एक, न सांगता, न थिजता फिरले. दहा पावलं राजानंद धरून धावला, मग त्याचा दम गेला आणि हात सुटला, आणि सायकल पुढं निघून गेली. सरळ रेषेत. आबारावांनी घाबरून हाताकडं पाहिलं. हँडल घट्ट धरलेला डावा हात चार वर्षांत पहिल्यांदा मुकाट होता. मैदानाच्या टोकाला बाभळ आली. त्यांनी हँडल वळवलं आणि अंगानं तोल आपोआप धरला, जसा तो कळपाभोवती पन्नास वर्षांपूर्वी धरायचा. कानाला वारा लागला. चालताना असा वारा कानाला लागत नाही, तो कसा असतो हे ते विसरूनच गेले होते. पार्किन्सन, कंपवात आणि आसराबाईंचं 'ते', तिघंही मागं राजानंदपाशी राहिले असावेत.

डॉक्टर लोकांना हे ठाऊक आहे म्हणे. चालण्याचा हुकूम मेंदूतून निघतो आणि वाटेत अडकतो, सायकलचा कधी कधी दुसऱ्या वाटेनं पोचतो. सगळ्यांचाच पोचतो असं नाही. आबारावांचा पोचला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायला सवडही नव्हती.

एक फेरी झाली, पाच झाल्या. सहाव्या फेरीला राजानंद आडवा आला. "बास आता. उतर."

आबारावांनी ब्रेककडं हात नेला आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की उतरायचं म्हणजे पाय जमिनीला लावायचा. जमिनीशीच तर वैर होतं. "उतरता येईना," ते पुढं जात म्हणाले.

"मंग बसलास कशाला?"

"बसताना उतरायचं डोक्यात नव्हतं."

राजानंद सायकलीमागं धावायला लागला. एक म्हातारा सायकलवर आणि दुसरा पायी त्याच्यामागं, हे दृश्य आष्टीत रोज दिसत नाही. चहाच्या गाड्यावरच्या गिरिजाबाईंनी किटली खाली ठेवली. बसस्टँडकडून येणारी माणसं थांबली. कल्याण टेम्पोतून कांदे-लसूण विकत होता, त्यानं भोंग्यावरची रेकॉर्ड बंद केली आणि टेम्पो मैदानाच्या कडेला लावला. कुणीतरी जुना माणूस म्हणाला, अरे, ही तर सात दिवसांची सायकल. तेवढं कल्याणला पुरलं. त्यानं माइक हातात घेतला.

"आष्टीकर मंडळी, जल्दी या. आबाराव सायकलवर बसून राह्यले. बिलकुल फुकट. आज पहिला दिवस हाय, असे सात दिवस चालणार हाय."

माणसं जमली. बघता बघता गोल कडं झालं. गिरिजाबाई चहा घेऊन पुढं आल्या आणि चालत्या सायकलबरोबर चार पावलं धावत त्यांनी कप आबारावांच्या हातात दिला. पूर्ण भरलेला कप. आबारावांनी एका हातानं हँडल धरलं, आणि दुसऱ्या हातानं ते चहा प्यायले. थोडा शर्टावर सांडला. पण त्या चकचकीत शर्टवाल्या बाप्याच्या अंगावरही सांडायचा, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी कप परत दिला तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि तेव्हाच कड्याच्या पलीकडं भंगारवाला दिसला. हातगाडीवर काटा, रिकामी पोती. तो घरी जाऊन आला होता आणि घरच्यांनी त्याला इकडं पाठवलं होतं. आबारावांचे पाय भरून आले होते, आता कुणीतरी धरून उतरवावं असं वाटत होतं. पण खाली उतरलं की सायकल गाडीवर जाणार. वर बसून आहे तोवर तिचं वजन कोण करणार? त्यांनी पाय पुन्हा फिरवले. राजानंद म्हणाला, कुणीतरी पकडा रे आबाला. आबाराव म्हणाले, "खबरदार."

तेवढ्यात कडं फुटलं आणि आसराबाई आल्या. द्वारकाबाईंच्या सुनेनं घरी जाऊन सांगितलं होतं की आबाराव सायकलवर चढले आहेत आणि त्यांना उतरता येत नाही. बाई होत्या तशा धावत आल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, पदर खांद्यावरून घसरलेला. कल्याणनं माइक बंद केला. राजानंद टेम्पोच्या आड गेला.

"उतरा," आसराबाई वाटेत उभ्या राहून म्हणाल्या.

आबारावांनी त्यांना वळसा घातला. इतका सफाईदार वळसा की पोरांनी शिट्ट्या मारल्या. आसराबाई गर्रकन फिरल्या. आबाराव पुन्हा समोरून आले आणि त्यांनी पुन्हा वळसा घातला. वळसा घालताना त्यांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. राग पाहायची तयारी होती. पण बाईंच्या तोंडावर राग नव्हता. त्या तोंड उघडं टाकून बघत होत्या, जसं कुणी घरचं माणूस फार दिवसांनी परगावाहून आल्यावर बघावं.

"हसून राह्यले तुम्ही," त्या म्हणाल्या.

आबारावांना आपण हसतोय हे माहीतच नव्हतं. त्यांनी जीभ फिरवून बघितलं. दात खरंच उघडे होते, वाऱ्यानं कोरडे पडले होते.

आसराबाईंनी एकदम सूत्रं हातात घेतली. "ए कल्याण, तू उजवीकडून धर. राजानंद, लपून काय राह्यला, कॅरिअर पकड. अवो, तुम्ही ब्रेक लावा हळू. पाडलं तर बघा एकेकाला." बाईंचा आवाज ऐकून सायकलसुद्धा थांबली असती. दोघांनी दोन बाजूंनी धरलं, आबारावांनी ब्रेक दाबला, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना भुईवर आणलं.

आसराबाई जवळ आल्या. पिठाच्या हातानंच त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. "दोन साल झाले," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला वाटून राह्यलं माझंच काही चुकलं. म्हणून हसत न्हाई तुम्ही."

"हसत होतो गं," आबाराव म्हणाले. "बाहेर येत नव्हतं."

बाईंनी तोंड फिरवलं आणि डोळ्याला कोपर लावलं. मग म्हणाल्या, "चला घरी. गोळीची वेळ झाली." आबारावांनी पाऊल उचलायला घेतलं, आणि ते उचललं गेलं नाही. दुसरं उचलायला घेतलं, तेही नाही. तळवे मातीला चिकटले ते चिकटलेच. हात पुन्हा फडफडायला लागला. आत्तापर्यंत टाळ्या वाजवणारी माणसं इकडंतिकडं बघायला लागली. दोनशे पावलांवरचं घर आबारावांना परतूरइतकं लांब दिसलं.

त्या माणसांतून भंगारवाला हातगाडी ढकलत पुढं आला. "मावशी," तो म्हणाला, "टायम होऊन राह्यला. सायकल द्या, काट्यावर घेतो."

आसराबाईंनी नवऱ्याच्या पायांकडं पाहिलं. मग सायकलकडं पाहिलं. मग परत पायांकडं पाहिलं. दोन वर्षं जे म्हणणं सगळ्या गल्लीला सरळ वाटत होतं, ते त्यांना तिथं उभ्या उभ्या उलटं दिसायला लागलं असावं. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"राजानंद, सायकल सरळ धर," त्या म्हणाल्या. "अन् तुम्ही, चढा."

"घरी उतरायचं कसं?" आबारावांनी विचारलं. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

"ते नंतर बघू. आधी चढा."

त्यांनी वाकून स्वतःच्या पिठाच्या हातांनी आबारावांचा पाय उचलला आणि दांडीवरून पलीकडं टाकला. आबाराव सीटवर बसले. आसराबाईंनी मागून कॅरिअर धरलं आणि ढकलायला जोर लावला.

"मावशी," भंगारवाला अजून तिथंच उभा होता, "मंग सायकलीचं काय?"

"आंधळा हायेस का?" आसराबाई मागं न बघता म्हणाल्या. "माणूस बसलाय तिच्यावर."